एकोणचाळीस शिलिंगांचा न्याय

माझा थोरला भाऊ जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाला. उभा जन्म फौजदारीत गेला. माझी मुलगी कॉलेजात इतिहास शिकवते. हे मामा-भाची एका खोलीत असले की मध्ये कोणी तोंड घालायचं नाही, असा आमच्या घरचा शिरस्ता आहे. खालचा वाद इंग्लंडच्या जुन्या फौजदारी कायद्यावरून झाला. काळ साधारण एलिझाबेथ राणीपासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतचा. मुलीच्या मते तो कायदा म्हणजे जमीनदारांनी गरिबांच्या गळ्यात अडकवलेली दोरी. भावाचं म्हणणं असं की पोलीस नाहीत, आजच्यासारखे तुरुंग नाहीत, अशा काळात लोकांनी आपल्या हातांनी चालवलेली ती व्यवस्था होती, आणि तिला नावं ठेवण्याआधी ती चालायची कशी ते तरी बघावं. मी जमेल तसं उतरवून घेतलं आहे आणि राहवलं नाही तिथे शिरस्ता मोडला आहे.

भाची : मामा, १७२३ सालचा तो काळा कायदा एकदा वाच. विंडसरच्या जंगलात आणि हॅम्पशायरच्या वॉल्थमकडच्या रानात काही लोक तोंडाला काळं फासून हरणं मारत होते. तेवढ्या निमित्ताने पार्लमेंटने जो कायदा केला, त्यातून फाशीचे पन्नासच्या आसपास गुन्हे एका फटक्यात तयार झाले. हरीण मारणं, तळ्याचा बांध फोडणं, लावलेली झाडं तोडणं, गुरांना जायबंदी करणं, निनावी धमकीचं पत्र पाठवणं. शिक्षा सगळ्याला एकच. हरणं कोणाची होती? राजाची आणि बड्या जमीनदारांची. तळी कोणाची? त्यांचीच. आणि पार्लमेंटमध्ये कोण बसलं होतं?

मामा : तेच. बरं, पुढे?

भाची : पुढे हेच वाढत गेलं. १६८८च्या सुमारास फाशीचे गुन्हे पन्नासेक होते, एकोणिसावं शतक उजाडल्यावर दोनशेच्या वर गेले. दुकानातून गुपचूप पाच शिलिंगांचा माल उचलला, १६९९पासून फाशी. राहत्या घरातून चाळीस शिलिंगांचा उचलला, १७१३पासून फाशी. मेंढी चोरली, १७४१पासून फाशी. माणसाच्या जिवाची किंमत शिलिंगात लिहिलेली आहे, तुला आणखी काय पुरावा पाहिजे?

मामा : कलमांचं पुस्तक वाचून कोर्ट कळत नाही गं. तिकडे नवा कायदा म्हणजे बहुतेक वेळा जुन्याच चोरीचा एखादा प्रकार उचलायचा आणि त्याला असलेली फाशीतून सुटण्याची सवलत काढून घ्यायची. दुकानातली चोरी वेगळी, जहाजावरची वेगळी, वाळत घातलेल्या तागाच्या कापडाची वेगळी. म्हणून आकडा फुगलेला दिसतो. आणि एक गोष्ट तू सोयीने सोडलीस. एलिझाबेथ आणि पहिला जेम्स यांच्या काळात फाशीची कलमं कमी होती, लोकसंख्या कमी होती, पण फासावर जाणारे जास्त होते. अठराव्या शतकात कलमं वाढली आणि फास कमी झाले. असं का झालं, ते सांग.

भाची : तू सांग.

मामा : ज्युरी. घरातून चोरी, चाळीस शिलिंगांची हद्द. आता ओल्ड बेली या लंडनच्या कोर्टाचे छापील वृत्तान्त चाळ, १६७४पासून निघत होते ते. मुद्देमालाची किंमत म्हणून ज्युरी पुन्हा पुन्हा एकच आकडा सांगते : एकोणचाळीस शिलिंग. माल त्याहून कितीतरी किमती आहे हे कोर्टातल्या प्रत्येकाला दिसतंय. फिर्यादीने किंमत लावलीय, न्यायाधीशाने ऐकलीय. तरी बारा जण उठून सांगतात, एकोणचाळीस. माणूस दोषी, पण फाशी नाही. साध्या चोरीत हद्द एका शिलिंगाची, म्हणजे बारा पेन्सची होती. तिथे दहा पेन्स सांगायचे. ब्लॅकस्टोनसारखा कायदेपंडित याला पुण्यापोटी केलेली खोटी शपथ म्हणतो आणि फारसा रागवत नाही.

दादाच्या आवाजात इथे कौतुक होतं. ज्याने आयुष्यभर कलमाच्या चौकटीत बसून निकाल लिहिले, त्याला चौकट न मोडता वाकवणाऱ्या त्या बारा माणसांचा मनातून थोडा हेवा वाटत असावा.

भाची : आणि ते बारा जण कोण? उत्पन्नाची अट असलेले. मजूर नाही, नोकर नाही, बाई तर नाहीच. ते दया करणार, आणि पिंजऱ्यातल्याने ती झेलायची.

मामा : शेतकरी, कारागीर, दुकानदार होते. उमराव नव्हते. आणि ज्युरी काय करू शकते हे तुला सांगायला नको. १६७०मध्ये विल्यम पेन आणि विल्यम मीड या दोन क्वेकर पंथीयांवर रस्त्यात सभा भरवली म्हणून खटला झाला. ज्युरी दोषी म्हणेना. त्यांना अन्नपाण्यावाचून कोंडून ठेवलं, दंड केला, तुरुंगात टाकलं. बुशेल नावाचा त्यांच्यातला एक वरच्या कोर्टात गेला आणि मुख्य न्यायाधीश व्हॉन यांनी निकाल दिला की निर्णयाबद्दल ज्युरीला शिक्षा करता येणार नाही. राजाच्या कोर्टात, राजाच्या न्यायाधीशासमोर. आपल्याकडे ज्युरी होती तेव्हा नानावटी खटल्यात तिने काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि मी त्या ज्युरीचा चाहता नाही. पण बुशेलला मी मानतो.

भाची : बुशेलला मीही मानते. पण खटला तिथपर्यंत पोचायचा कसा, ते तर बघ. फिर्यादी पक्ष म्हणून सरकार नाहीच. ज्याची चोरी झाली त्यानेच चोर शोधायचा, त्यालाच पकडायचा किंवा पकडवायचा.

मामा : कॉन्स्टेबल होता की.

भाची : होता. पगार नाही, प्रशिक्षण नाही, गावातलाच कोणी शेतकरी किंवा चांभार, वर्षभरासाठी पाळी आली म्हणून झालेला. वर्ष संपलं की पुन्हा शेजाऱ्यांतच राहायचंय, मग तो कोणाशी वैर घेणार? जस्टिस ऑफ द पीस, तोही बिनपगारी, पण जमीनदार. फिर्यादीने त्याच्यासमोर जबाब द्यायचा. १५५०च्या दशकात मेरी राणीच्या काळात कायदा झाल्यापासून त्याने तो लिहून घ्यायचा. मग फिर्यादीने हमीपत्रावर बांधून घ्यायचं की मी खटला चालवीन. मग न्यायाधीशांचा दौरा येईपर्यंत थांबायचं, तो वर्षातून दोनदा. साक्षीदारांना जिल्ह्याच्या गावी न्यायचं, खाऊ घालायचं, कारकुनाला आरोपपत्राची फी द्यायची. एक कोंबडी गेली म्हणून हे कोण करेल? ज्याच्या खिशात पैसे आहेत तो. खर्च परत देण्याची थोडीफार सोय कायद्यात आली ती १७५२मध्ये.

मामा : इथेच तुमच्या पंथाची गडबड होते. डग्लस हे या इतिहासकाराने १९७५मध्ये लिहिलं की हा कायदा म्हणजे सत्ताधारी वर्गाचं हत्यार. १९८३मध्ये जॉन लँगबाइनने त्याला उत्तर दिलं. त्याच्या हाती एका न्यायाधीशाची, सर डडली रायडर यांची, १७५०च्या दशकातली टिपणं होती. त्यात फिर्यादी कोण दिसतात? छोटे दुकानदार, खाणावळवाले, भाडेकरू ठेवणाऱ्या बाया, कारागीर. ज्यांचं चोरीला गेलं ते काही लॉर्ड नव्हते. गरिबाची एक चादर गेली तरी त्याला ती परत हवी असते. मी खालच्या कोर्टात कलम ३७९चे, म्हणजे साध्या चोरीचे, ढीगभर खटले चालवले. सायकल, तांब्याचा हंडा, मोटारीची बॅटरी. फिर्यादी कधी श्रीमंत नसायचा. श्रीमंताला सायकल गेल्याचं कळतसुद्धा नाही.

भाची : ते खरं आहे. पण त्या फिर्यादीच्या हातात एक चादर आणि समोर फाशी असेल तर तो काय करतो? १५९६ साल घे. ओळीने पिकं बुडालेली, धान्य महागलेलं. सॉमरसेटचा एक जस्टिस, एडवर्ड हेक्स्ट, राणीच्या मंत्र्याला, लॉर्ड बर्लीला, लांबलचक पत्र लिहितो. त्यात एक हकिगत आहे. एक जण गाडीभर चीज घेऊन जत्रेच्या बाजाराला निघालाय. वाटेत साठ-ऐंशी जण गाडी अडवतात, चीज उतरवतात आणि आपसात वाटून घेतात. अख्खी गाडी. हेक्स्टला वाटतं, आता हे लोक धजावले. पण त्याच पत्रात तो दुसरी एक तक्रार करतो ती मला जास्त मोलाची वाटते. साधी खेड्यातली माणसं चोराविरुद्ध फिर्याद द्यायलाच तयार नाहीत, म्हणतो. कारण कितीही माल मिळाला तरी त्यापायी एका माणसाचा जीव गेल्याचं ओझं त्यांना नकोय. चोर सापडला तर माल परत घेतात आणि त्याला सोडून देतात. म्हणजे दया ज्युरीने शोधून काढली नाही, मामा. ती आधीपासून लोकांत होती, आणि कायदा तिच्या आड येत होता.

मामा : किंवा कायद्याने तिच्यासाठी जागा सोडलेली होती.

भाची : हेक्स्टला काही तसं वाटत नव्हतं. तो चिडला होता.

मामा : हेक्स्ट चिडला होता कारण तो जस्टिस होता. आम्ही चिडतोच.

फिर्यादच होत नाही म्हणून सरकारने बक्षीस लावलं. १६९२च्या कायद्याने वाटमारी करणाऱ्याला पकडून दोषी ठरवून दिलं की चाळीस पौंड. त्यातून चोर पकडण्याचा धंदा उभा राहिला, आणि त्या धंद्याचा बादशहा जोनाथन वाइल्ड. एका हाताने चोरांच्या टोळ्या पोसायच्या, त्यांनी चोरलेला माल मूळ मालकाला मोबदला घेऊन परत मिळवून द्यायचा, आणि जो चोर ऐकणार नाही त्याला चाळीस पौंडांसाठी फासावर द्यायचा. १७२५च्या मे महिन्यात तो स्वतःच टायबर्नला, लंडनच्या फाशीच्या जागी, लटकला. या एका माणसावर दोघं बराच वेळ एकमताने बोलत होते, म्हणून तो भाग मी गाळते. मॅजिस्ट्रेट हेन्री फील्डिंगने लंडनच्या बो स्ट्रीटवर चोर पकडायला आपली माणसं नेमली ती १७४९मध्ये, आणि रॉबर्ट पीलचे पोलीस आले १८२९मध्ये. मधल्या सगळ्या काळात कायद्याचा हात म्हणजे शेजारी, बिनपगारी कॉन्स्टेबल किंवा वाइल्डचे भाऊबंद.

भाची : आता कोर्टात चल. ओल्ड बेली १७३७पर्यंत एका बाजूने उघडं होतं, कारण कैद्यांबरोबर तुरुंगातला ताप यायचा. मग ते बंदिस्त केलं, आणि १७५०मध्ये त्या तापाने लंडनचा लॉर्ड मेयर, न्यायाधीश आणि इतर मिळून पन्नासच्या वर माणसं गेली. त्यानंतर कोर्टात वासाच्या वनस्पती पसरायला लागले, न्यायाधीश फुलांचे गुच्छ घेऊन यायला लागले. आरोपीच्या पिंजऱ्यावर आरसा लावलेला असायचा, खिडकीतला उजेड त्याच्या तोंडावर पडावा म्हणून. चेहरा वाचायचा. वकील नाही. गंभीर गुन्ह्यात आरोपीच्या वकिलाला कोर्टं १७३०च्या दशकात हळूहळू बोलू द्यायला लागली, पूर्ण हक्क मिळाला तो १८३६मध्ये. एक-एक खटला काही मिनिटांत संपायचा. महिनोन् महिने न्यूगेटच्या तुरुंगात सडलेला, अर्धपोटी, लिहिता न येणारा माणूस, तोंडावर आरशातला उजेड, आणि त्याला सांगायचं, बोल, तुझ्या बचावाचं काय ते बोल. मामा, तू असा खटला चालवला असतास?

मामा : नाही.

भाची : एवढंच?

मामा : एवढंच. वकील नसलेला आरोपी मी पाहिलाय. तो एक तर अजिबात बोलत नाही, नाही तर नको ते बोलून बसतो. त्या बाबतीत मी त्यांचं समर्थन करणार नाही. पण त्यांनी साक्षीदारांना काय विचारलं, ते बघ. चोरी केली की नाही, यावर दोन-चार प्रश्न. मग, हा माणूस कसा आहे? याला कोण ओळखतं? मालक येतो, घरमालकीण येते, पाद्री येतो. कष्टाळू आहे, बायकामुलं आहेत, आजवर तक्रार नाही. यावर जीव वाचायचा.

भाची : आणि ज्याला कोणीच ओळखत नाही?

मामा : त्याच्याकडे येतो. आधी मघाच्या त्या सवलतीचं बोलू, कारण ती तुला आवडणार नाही आणि मला फार आवडते. पाद्र्यांना फाशी नाही, ही मध्ययुगातली सूट. पाद्री कोण? ज्याला वाचता येतं तो. म्हणून हळूहळू ज्याला वाचता येतं त्या कोणालाही ही सूट मिळायला लागली. कोर्टात बायबल पुढे करायचे, बहुतेक वेळा एक्कावन्नावं स्तोत्र. दोन ओळी वाचल्या की गळा वाचला. एकदाच मिळायची, म्हणून अंगठ्यावर डाग द्यायचे, पुन्हा आला तर कळावं. बेन जॉन्सन, शेक्सपिअरच्या बरोबरीचा नाटककार, त्याने १५९८मध्ये द्वंद्वात गेब्रिएल स्पेन्सर नावाचा नट मारला आणि याच सवलतीवर सुटला. आयुष्यभर अंगठ्यावर डाग.

भाची : म्हणजे शिकलेला सुटणार आणि अडाणी मरणार.

मामा : अडाण्याने स्तोत्र पाठ करायचं. सगळ्यांना माहीत होतं कोणतं ते. न्यायाधीशालाही.

भाची : न्यायाधीशाची मर्जी असेल तर तो तेच स्तोत्र काढणार, नसेल तर दुसरं. आणि बायकांना ही सवलत १६२०च्या दशकापर्यंत नव्हतीच. तेव्हाही दहा शिलिंगांच्या आतल्या चोरीपुरती दिली. बरोबरीने मिळाली ती १६९०च्या दशकात. वाचनाची अट गेली १७०६मध्ये. आणि ज्या-ज्या चोरीने मालमत्तावाल्यांच्या पोटात गोळा येत होता, ती एक-एक करून या सवलतीतून वगळत गेले. घोडा, खिसेकापी, घरफोडी, दुकान, मेंढी. तू मघाशी ज्याला आकडा फुगणं म्हणालास ना, ते हे.

मामा : १७१८मध्ये काळ्या पाण्यासारखी एक मधली शिक्षाही आली की. सात किंवा चौदा वर्षं अमेरिकेच्या वसाहतींत. १७७५पर्यंत पन्नास हजारांच्या आसपास माणसं गेली. फाशी आणि डाग यांच्या मध्ये काही तरी सापडलं, म्हणूनच फास कमी झाले.

भाची : विकली जायची तिथे, बोटीवरून उतरल्यावर. असो. बायकांचा विषय निघालाच आहे तर १६२४चा कायदा बघ. लग्न न झालेल्या बाईने मूल झाल्याचं लपवलं आणि ते मेलेलं सापडलं, तर तिने मारलं असंच धरायचं. मेलेलंच जन्मलं हे तिनेच साक्षीदार आणून सिद्ध करायचं. लपवून बाळंत होणारीजवळ साक्षीदार कुठून येणार? या बाया कोण होत्या? घरकाम करणाऱ्या मोलकरणी. एकेका खोलीत दोघी-तिघी झोपणाऱ्या. मूल कोणाचं, हा प्रश्न त्या कायद्यात नाहीच. कधी मालकाचं, कधी मालकाच्या पोराचं.

यावर दादा लगेच बोलला नाही. मग त्याने जे सांगितलं ते मला या सगळ्या वादात सर्वांत लक्षात राहिलं.

मामा : तो कायदा वाईटच. १८०३पर्यंत राहिला. पण कोर्टांनी त्याचं काय केलं ते ऐक. अठराव्या शतकात एक प्रश्न विचारायला लागले : हिने बाळासाठी कपडे केले होते का? एखादं टोपडं, दोन दुपटी, चिंध्या शिवून केलेलं झबलं. पेटीत असं काही सापडलं, किंवा कोणी सांगितलं की हिने माझ्याकडून जुनं कापड मागून नेलं होतं, की धरून चालायचे, हिच्या मनात मूल मारायचं नव्हतं. मग सोडून द्यायचे. कायद्यात एका अक्षराने हे लिहिलेलं नाही. साक्षीदार आण म्हणून कायदा सांगत होता, कोर्टाने टोपड्याची साक्ष घेतली.

भाची : आणि जिच्याकडे टोपड्यापुरतंही कापड नव्हतं?

मामा : ...

भाची : मी भांडायला म्हणून विचारत नाहीये, मामा.

मामा : माहीत आहे. तिला फाशी. किंवा ज्युरीला दया आली तर नाही.

टायबर्नविषयी सगळेच लिहितात, म्हणून थोडक्यात. न्यूगेटपासून टायबर्नपर्यंत गाड्यातून मिरवणूक, तीन खांबांचा त्रिकोणी फास, कैद्याचं शेवटचं भाषण, गर्दी. १६४९च्या जून महिन्यात एका दिवशी तेवीस पुरुष आणि एक बाई तिथे लटकवली गेली. १७८३मध्ये तिथली शेवटची फाशी झाली. त्या गर्दीत प्रेतासाठी मारामाऱ्या व्हायच्या. एका बाजूला शरीर फाडायला नेणारे शल्यविशारदांचे लोक, दुसऱ्या बाजूला मेलेल्याचे सोबती आणि नातलग, कारण त्यांना त्याची नीट माती करायची असायची. आमच्या घरी दोघांना त्या गर्दीचा अर्थ वेगवेगळा लागतो. मुलगी म्हणते, लोकांनी कायदा मनाने कधी मानला नव्हता, याचा हा पुरावा. दादा म्हणतो, लोकांनी फाशीला अडथळा केला नाही, फक्त प्रेत सोडवलं. म्हणजे कायदा मानला, विटंबना मानली नाही. लेखक डीफोला १७०३मध्ये एका पत्रकाबद्दल तीन दिवस पिलरीत, म्हणजे मान आणि हात अडकवायच्या लाकडी चौकटीत, उभं केलं होतं. तिथे गर्दीने त्याच्यावर दगड-चिखल फेकण्याऐवजी त्याच्या नावाने प्याले उडवले. दादाचं मत याही बाबतीत तेच आहे.

भाची : डग्लस हेचा खरा मुद्दा तू अजून घेतला नाहीस. तो काही असं म्हणत नाही की सगळ्यांना फाशी देत होते. तो म्हणतो, फाशी सुनावायची आणि मग माफी द्यायची, यातच सगळी ताकद होती. अठराव्या शतकात फाशी सुनावलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास, काही वेळा त्याहूनही जास्त, सुटले. पण सुटायचं कसं? जहागीरदाराचं पत्र हवं. त्याने दौऱ्यावरच्या न्यायाधीशाला लिहायचं, लंडनमधल्या मंत्र्याला लिहायचं, याचा बाप माझा जुना कुळवाडी आहे, घराणं प्रामाणिक आहे. मग राजा माफी देणार. गाव काय शिकलं? गळ्याभोवतीचा दोर जहागीरदाराच्या हातात आहे, आणि तो दयाळू आहे. त्याला टोपी काढून नमस्कार करत जा.

मामा : आणि मी म्हणतो, ज्या पत्रांवर माफी मिळाली ती बहुतेक कशावर मिळाली? वय लहान, पहिलाच गुन्हा, मारहाण नाही, घरी पोरं. या गोष्टी मीही शिक्षा ठरवताना बघत होतो. त्याला तू वर्गाचं कारस्थान म्हणणार का? आणि तुझा तो ई. पी. थॉम्प्सन, ज्याने काळ्या कायद्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, तुझ्याहून कडवा डावा, त्याने शेवटी काय लिहिलं? म्हणे, कायद्याचं राज्य ही माणसाची खरी कमाई आहे, कारण कायदा सर्वांना लागू असल्याचं नाटक करायचं तर श्रीमंतालाही कधी तरी त्यात अडकावं लागतं. लॉर्ड फेरर्सने आपला कारभारी गोळी घालून मारला, १७६०मध्ये टायबर्नला त्यालाही लटकवला. लॉर्ड होता.

भाची : एक लॉर्ड.

इतका वेळ मी गप्प होते, आता माझं मत सांगते. हे दोघं गरीब-श्रीमंत यावर भांडतात, आणि मला वाटतं रेघ तिथे नव्हती. ती ओळखीच्या आणि अनोळखी माणसाच्या मध्ये होती. पत्र कोणाला मिळतं? ज्याला गावात कोणी ओळखतं त्याला. टोपडं पाहिलं असं कोण सांगतं? शेजारीण. चोर पकडून, माल परत घेऊन सोडून कोण देतं? गावचाच असेल तर गाव. १५७२च्या भटक्यांविरुद्धच्या कायद्यात हे उघडच लिहिलेलं आहे. चौदा वर्षांवरचा, धडधाकट, कामधंद्याशिवाय फिरणारा माणूस सापडला तर त्याला चाबकाने फोडायचं आणि उजव्या कानाच्या पाळीतून तापलेली लोखंडी सळी घालून भोक पाडायचं. यातून सुटका एकाच प्रकारे : कोणी भला माणूस पुढे येऊन म्हणाला पाहिजे की याला मी वर्षभर चाकरीला ठेवतो. कान वाचवायला एक माणूस लागत होता. काम शोधत दहा गावं ओलांडून आलेल्याला तो कुठे भेटणार? दादा ज्या लवचीक न्यायावर खूश आहे तो खरा होता, पण तो गावाच्या वेशीपर्यंत. हे मी म्हटल्यावर दोघांनीही मान हलवली, आणि दोघांनीही तो आपल्या बाजूचा पुरावा म्हणून घेतला.

भाची : आई म्हणते तेच मी म्हणते. आणि वेशीपलीकडे हा कायदा आला तेव्हा काय झालं? नंदकुमार. कलकत्ता, १७७५. मार्च महिन्यात तो गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जवर लाच घेतल्याचा आरोप करतो. थोड्याच दिवसांत त्याच्यावर कित्येक वर्षांपूर्वीच्या कर्जरोख्याचा खोटा दस्तऐवज केल्याचा खटला. तो व्यवहार कलकत्त्याचं सुप्रीम कोर्ट स्थापन होण्याच्याही आधीचा. कायदा कोणता लावला? इंग्लंडचा १७२९चा, खोट्या दस्ताला फाशी देणारा. लंडनच्या पतपेढ्या आणि व्यापाऱ्यांच्या भीतीतून जन्मलेला. बंगालमध्ये असल्या गुन्ह्याला फाशी कधी नव्हती. ज्युरीत कलकत्त्यातले बारा युरोपीय. एकोणचाळीस शिलिंग म्हणणारा तिथे कोणी नव्हता, मामा. ५ ऑगस्टला फाशी.

मामा : दोनच वर्षांनी लंडनला डॉक्टर विल्यम डॉड लटकला. तोही खोट्या रोख्यासाठी, चार हजार दोनशे पौंडांच्या. नावाजलेला धर्मोपदेशक. ज्युरीने स्वतः दयेची शिफारस केली, सॅम्युअल जॉन्सनने त्याच्यासाठी लेखणी झिजवली, तेवीस हजार सह्यांचा अर्ज गेला. वाचला नाही. म्हणजे तो कायदा घरच्यांनाही सोडत नव्हता. नंदकुमारला नेटिव्ह म्हणून मारला हे अर्धंच खरं.

भाची : डॉडचा कागद राजापर्यंत गेला. राजा नाही म्हणाला, पण गेला. नंदकुमारचा जाऊच दिला नाही. अपिलाची परवानगी नाकारली, राजाची इच्छा कळेपर्यंत फाशी थांबवायलाही नकार दिला.

मामा : ते मुख्य न्यायाधीश इम्पीचं चुकलं.

भाची : इम्पीचं की कायद्याचं?

मामा : इम्पीचं आणि त्याच्याबरोबरच्या तिघांचं. कायद्यात थांबायला जागा होती, ते थांबले नाहीत. मी असतो तर अपिलाला परवानगी दिली असती, आणि पुरावा बघता दोषीही ठरवलं असतं.

भाची : त्या बारा जणांच्या ज्युरीवर भरवसा ठेवून?

मामा : ज्युरी मी निवडत नाही.